बेस अ‍ॅम्प कसा लावायचा: बँडसोबत पहिल्यांदा स्टेजवर जाणाऱ्यांसाठी

घरी एकट्याने वाजवताना भरदार वाटणारा बेस गिटारचा आवाज बँडमध्ये गेला की बुडतो. मग बेसवाला बेसचं बटण वाढवतो, त्याने भागलं नाही की व्हॉल्यूम वाढवतो, आणि शेवटी हॉलमध्ये नुसती घूं घूं उरते. बेस वाजतोय हे सगळ्यांना कळतं, सूर कोणता ते कोणालाच कळत नाही. बहुतेक वेळा अ‍ॅम्पमध्ये काही बिघाड नसतो. बटणं घरच्या कानाने लावलेली असतात, एवढंच.

माझ्या डोळ्यांसमोर कार्यक्रम आहे तो असा: सोसायटीचा गणपती, कॉलेजचं गॅदरिंग किंवा एखादा छोटा पब. ड्रम्स, गिटार, कीबोर्ड, गायक-गायिका. बेस अ‍ॅम्प भाड्याचा, आज पहिल्यांदाच हात लागणार. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा म्हणून सगळी घाई, आणि साउंडचेकला मिळणार जेमतेम पंधरा मिनिटं. या पंधरा मिनिटांत काय करायचं ते क्रमाने सांगतो.

घरून निघण्याआधी

राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या, खरखरीत) तारा जुन्या होऊन मेल्या असतील तर बदला. मेलेल्या तारेत वरचे स्वरांश (मूळ सुराबरोबर निघणारे उंच सूर) उरलेलेच नसतात, त्यामुळे ट्रेबल कितीही वाढवा, फक्त अ‍ॅम्पची सूं सूं वाढते. मात्र कार्यक्रमाच्या दिवशीच नव्या तारा चढवू नका. त्या ताणल्या जाऊन सूर उतरत राहतात. फ्लॅटवाउंड (चपटी तार गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारावाल्यांना ही घाई नाही. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमरसन, त्याचा सगळा आवाज जुन्या फ्लॅटवाउंड तारांचा होता.

बेस अ‍ॅक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) असेल तर ९ व्होल्टची नवी बॅटरी घाला आणि एक खिशात ठेवा. अशा बेसमध्ये केबल जॅकमध्ये खुपसलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते, म्हणून जेवणाच्या सुट्टीत केबल काढून ठेवा. मधल्या गाण्यातच आवाज फाटू लागला तर पहिला संशय बॅटरीवर घ्यायचा.

दोन पिकअपवाला (पिकअप म्हणजे तारांचं कंपन टिपणारं चुंबक) जॅझ बेस असेल तर सुरुवात दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडून करा. अशा बेसमध्ये दोन्ही पिकअप सारखेच उघडे असताना त्यांची गुणगुण एकमेकांना मारते. एक जरा कमी केला की ती परत ऐकू येते.

जोडणी

कॉम्बो, म्हणजे एकाच पेटीत सगळं, असेल तर इथे फारसं काही नाही. प्लग लावा, व्हॉल्यूम शून्यावर आहे ना बघा, मग स्विच चालू करा. हेड (आवाज वाढवणारी पेटी) आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी) वेगवेगळे असतील तर दोन गोष्टी न चुकता तपासायच्या.

पहिली, ओहम, म्हणजे स्पीकरचा विद्युत रोध. हेडच्या मागे किमान किती ओहम चालतील ते लिहिलेलं असतं, बहुधा ४. कॅबिनेटच्या मागे त्याचे स्वतःचे ओहम लिहिलेले असतात. ८ ओहमची दोन कॅबिनेट नेहमीसारखी जोडली की मिळून ४ होतात, म्हणजे चालेल. पण ८ आणि ४ ओहमचं एकेक जोडलं तर साधारण २.७ होतात, आणि किमान ४ सांगणाऱ्या हेडवर ते लादायचं नाही. ८ ओहमचं एकच कॅबिनेट असेल तर अ‍ॅम्प पूर्ण ताकद देत नाही, म्हणून पुष्कळ जण हळहळतात. प्रत्यक्षात ५०० वॅटचे ३०० झाले तरी फरक जेमतेम २ डेसिबलचा पडतो. वॅट दुप्पट केले तरी ३ डेसिबलच वाढतात.

दुसरी, हेड आणि कॅबिनेट यांच्यामधली केबल. ती स्पीकरचीच हवी, गिटारची नव्हे. दोन्हींचे जॅक सारखे दिसतात, पण गिटारच्या केबलमधली तार बारीक असते. ती तापते, आवाज खाते आणि अ‍ॅम्पही घालवू शकते. दोन्हीकडे स्पीकॉनची सोय असेल तर तेच वापरा आणि फिरवून खटकन लॉक करा. अ‍ॅम्प ट्यूबचा (काचेच्या व्हॉल्व्हचा) असेल तर कॅबिनेट जोडल्याशिवाय चालूच करायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि त्याची किंमत भाड्याच्या बिलात येत नाही.

परदेशातून कोणी प्रेमाने आणलेला अ‍ॅम्प असेल तर प्लगआधी मागची पाटी वाचा. अमेरिकेतला १२० व्होल्टवर चालणारा अ‍ॅम्प आपल्या २३० व्होल्टमध्ये नुसता प्लग बदलून खुपसला तर त्याची ती पहिली आणि शेवटची मैफल.

गेन

भाड्याच्या अ‍ॅम्पवर आधीच्या माणसाची बटणं तशीच राहिलेली असतात. कोणीतरी स्लॅप (अंगठ्याने तार आपटून) वाजवून गेलेला असतो. म्हणून आधी सगळी टोनची बटणं बारा वाजता, म्हणजे मधोमध आणा. ग्राफिक इक्वलायझर (आवाजाच्या प्रत्येक पट्ट्याला वेगळी सरकपट्टी) असेल तर सगळ्या पट्ट्या मध्यावर. ‘डीप’, ‘ब्राइट’, ‘कंटूर’, ‘शेप’ अशी जी काही दाबायची बटणं असतील ती बंद करा. कंटूर किंवा शेपचं बटण दाबायचं नसून फिरवायचं असेल तर ते शून्यावर. या बटणांवर पुढे बोलू, कारण अर्धा घोळ तिथेच होतो.

आता मास्टर शून्यावर ठेवून तुमच्या आजच्या कार्यक्रमात जितका जोरात हात पडणार आहे तितका जोरात वाजवा. लोक इथे हळूच टुंगटुंग करतात आणि गाण्यात दुप्पट जोराने मारतात. गेन हळूहळू वाढवत न्या. क्लिपचा (सिग्नल जास्त होऊन फाटल्याचा) लाल दिवा सगळ्यात जोरदार फटक्याला क्षणभर लुकलुकेल, तिथून किंचित मागे. पॅसिव्ह आणि अ‍ॅक्टिव्ह असे वेगळे इनपुट किंवा पॅडचं बटण असेल तर तगडा सिग्नल देणारा बेस अ‍ॅक्टिव्हमध्ये घाला. त्यातून सिग्नल १० ते १५ डेसिबलने उतरतो. मग मास्टर वाढवा. गेन हे सिग्नल आत किती घ्यायचा याचं बटण आणि मास्टर हे बाहेर किती सोडायचा याचं. कार्यक्रमात आवाज कमी-जास्त करायचा तो मास्टरने.

टोन: इथे वेळ द्या

चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड, ई ची तार उघडी वाजवली की मूळ सूर ४१ हर्ट्झचा (सेकंदाला ४१ कंपनं) निघतो. ए चा ५५, डी चा ७३, जी चा ९८. नवखा माणूस हे आकडे बघतो आणि म्हणतो, म्हणजे बेस म्हणजे ४० ते १००, तेच वाढवायला हवं. पण एका सुरात त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपटीचे स्वरांशही असतात: ई च्या तारेत ८२, १२३, १६५ आणि वर. कानाला हे स्वरांश मिळाले की मूळ सूर दुबळा असला तरी मेंदू तो भरून घेतो.

याचा ढळढळीत पुरावा म्हणजे अँपेगचं आठ दहा-इंची स्पीकरांचं कॅबिनेट, ज्याला सगळे ‘फ्रिज’ म्हणतात. १९६९ मध्ये ३०० वॅटच्या एसव्हीटी हेडबरोबर ते आलं आणि रॉकमधल्या बेसचा आवाज कसा असावा हे त्याने ठरवून टाकलं. त्याच्या आजच्या आवृत्तीचा तक्ता बघितला तर साधारण ५८ हर्ट्झच्या खाली आवाज घसरायला लागतो. म्हणजे ज्या आवाजावर जग फिदा आहे त्यात ४१ हर्ट्झचा वाटा थोडकाच, छातीत बसतो तो त्याच्या वरचा भाग.

अ‍ॅम्पसमोर उभं राहून एकेका पट्ट्याची ओळख करून घ्या. ४० ते ८० हर्ट्झ: हॉल हलतो, सूर कळत नाही. ८० ते १२० च्या आसपास: वजन आणि ठोसा. २०० ते ३५०: थोडा असेल तर ऊब, जास्त झाला तर चिखल. ५०० ते १००० हा पट्टा एकट्याने ऐकला तर नाकात बोलल्यासारखा, जरासा कुरूप वाटतो. बँडमध्ये सूर ओळखू येतो तो मात्र इथूनच. त्याच्या वर २ ते ३ हजारांपर्यंत बोटाचा स्पर्श आणि पिकची टकटक. आणखी वर गेलात की तारेवर हात घासल्याचा आवाज, आणि तो तर झांजांनी कधीच खाऊन टाकलेला असतो.

आता वर बंद करायला लावलेली बटणं आठवा. ‘कंटूर’ किंवा ‘शेप’ हे बटण साधारणपणे काय करतं? मधला पट्टा खाली दाबतं आणि दोन्ही टोकं उचलतं. दुकानात एकट्याने ऐकताना हा आवाज झकास वाटतो, म्हणून तर ते बटण असतं. बँडमध्ये खालचं टोक किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) घेते, वरचं झांजा घेतात, आणि तुमची खरी जागा तुम्ही स्वतःच रिकामी करून गिटारवाल्याला दिलेली असते. ग्राफिकवर हसऱ्या तोंडासारखी कमान काढलेली दिसली की समजायचं, हा माणूस अजून घरीच वाजवतोय.

कानाचाही एक भाग आहे. कमी आवाजात आपल्याला खर्ज कमी ऐकू येतो. बेल लॅब्जमध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं होतं. त्यामुळे घरी शेजाऱ्यांच्या भीतीने हळू वाजवताना बेस वाढवावासाच वाटतो. स्टेजवर तीच बटणं ठेवून आवाज चढवला की खर्ज अंगावर येतो.

म्हणून सुरुवात अशी करा: बेसचं बटण बारावर किंवा जरा खाली, मिड एक-दोन वाजता, ट्रेबल बारा किंवा अकरा. लो-मिड आणि हाय-मिड वेगळे असतील तर लो-मिड थोडा कमी आणि हाय-मिड थोडा जास्त. हाय-पास फिल्टर (ठरावीक सुराच्या खालचा आवाज कापणारा) असेल तर ३५-४० हर्ट्झला लावा. ऐकताना काही गेल्याचं कळणार नाही, पण स्पीकरचं फुकटचं हलणं थांबेल आणि अ‍ॅम्पला दम राहील. आता बँडने वाजवायला सुरुवात केल्याशिवाय या बटणांना हात लावू नका. एकट्याने ऐकून हा आवाज थोडा कोरडा, थोडा उद्धट वाटला पाहिजे. तो तसाच हवा.

गाणं कोणत्या पट्टीत आहे?

आपल्याकडच्या बँडला हा प्रश्न जास्तच पडतो. गायक म्हणतो, काळी दोन. म्हणजे डी शार्प, आणि चार तारांच्या बेसचा खालचा ई त्याच्या बरोब्बर एक घर (फ्रेट) वर थांबतो. सा वाजवायचा तर ए च्या तारेवर सहाव्या घरात, ७८ हर्ट्झला जावं लागतं. काळी एक असेल तर ए च्या तारेवर चौथं घर, ६९ हर्ट्झ. ही अडचण मानायचं कारण नाही. लहान कॅबिनेटला हाच पट्टा सगळ्यात छान जमतो. पाच तारांचा बेस आणून तोच काळी एकचा सा खाली ३५ हर्ट्झला वाजवलात तर दहा इंची स्पीकरचा कॉम्बो नुसता फडफडेल, आणि समोरच्याला सूर ऐकू येण्याऐवजी हवा लागेल.

अ‍ॅम्प कुठे ठेवायचा

उंच आवाज सरळ रेषेत जातो, खर्ज सगळीकडे पसरतो. जमिनीवर ठेवलेला कॉम्बो तुमच्या गुडघ्यांना सगळा स्पष्ट आवाज ऐकवतो आणि कानाला फक्त घुमारा. मग तुम्हाला वाटतं, ऐकू येत नाही, आणि तुम्ही आवाज वाढवता. पहिल्या रांगेतले लोक मात्र कपाळाला हात लावून बसलेले असतात. उपाय साधा आहे: अ‍ॅम्प मागे कलता करा किंवा भक्कम खोक्यावर, फ्लाइट केसवर उचलून घ्या, म्हणजे स्पीकर कानाकडे बघेल. एवढ्यानेच मास्टर बराच खाली आणता येतो. ‘खर्जाची लाट लांब असते, ती पूर्ण व्हायला जागा लागते, म्हणून जवळ ऐकू येत नाही’ असं सांगणारे भेटतील. लाट लांब असते हे खरं, ४१ हर्ट्झची ८ मीटरहून जास्त. पण ती ऐकायला ८ मीटर लांब जावं लागत नाही, नाहीतर हेडफोनमध्ये बेस कधी ऐकूच आला नसता.

मागची भिंत खर्ज वाढवते, कोपरा त्याहून वाढवतो. म्हणून अ‍ॅम्प कोपऱ्यात कोंबलेला असेल तर बेसचं बटण कमी करावं लागणार हे धरून चाला. भिंतीपासून साधारण मीटरभर पुढे ठेवला तर वेगळीच गंमत होते. भिंतीवर आपटून परत येणारा आवाज ८० हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला मारतो, आणि वजन नेमकं तिथेच असतं. बटणं फिरवून ते परत येत नाही. अ‍ॅम्प भिंतीला चिकटवा आणि बेस थोडा कमी करा, हा मार्ग सोपा.

गणपतीच्या मांडवातलं स्टेज म्हणजे वासे आणि वर प्लायवूड, आत पोकळ. तेही बेसबरोबर वाजायला लागतं. एखादाच सूर बाकीच्यांच्या दुप्पट मोठा येत असेल तर बहुधा स्टेजच त्या सुरात बोलतंय. अ‍ॅम्पखाली जाड फोम घाला. नुसती सतरंजी घालून काही होत नाही.

ड्रमरच्या हाय-हॅटच्या (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या) बाजूला, त्याच्याजवळ उभे राहा. त्याचा उजवा पाय दिसला पाहिजे, त्याला तुमचा बेस ऐकू आला पाहिजे. बाकी सगळ्यांचं मॉनिटर (स्टेजवर वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेले स्पीकर) बघून घेतील.

साउंडवाल्या दादांशी बोलणं

स्टेजवरचा अ‍ॅम्प तुमच्यासाठी आणि ड्रमरसाठी. लोकांना ऐकू येणारा बेस मोठ्या स्पीकरमधून, साउंडवाल्याच्या हातून जातो. हे मनावर घेतलं की निम्मी भांडणं मिटतात. अ‍ॅम्पच्या मागे डीआय आउट (थेट मिक्सरला सिग्नल द्यायचं सॉकेट) असतो, तिथून तो केबल घेईल. त्याच्याशेजारी ‘प्री’ आणि ‘पोस्ट’चं बटण असतं. सुरुवातीला प्री, म्हणजे टोनच्या बटणांआधीचा सिग्नल, ठेवा. मग तुम्ही स्टेजवर बटणं फिरवलीत तरी बाहेरचा आवाज बदलत नाही, आणि त्याने बसवलेलं गणित बिघडत नाही. ड्राइव्ह (मुद्दाम फाटलेला आवाज) किंवा अ‍ॅम्पचा खास रंग लोकांनाही ऐकवायचा असेल तरच पोस्ट, आणि मग हात बटणांपासून लांब.

साउंडचेक सहसा असा होतो:

“बेस द्या.”

तुम्ही स्लॅपची करामत सुरू करता.

“भाऊ, गाण्यातलं वाजवा की.”

त्याचं बरोबर आहे. सगळ्यात भरलेल्या गाण्यातली ओळ वाजवा, सलग, एकाच जोराने, उघड्या ई पासून वरच्या घरांपर्यंत. मग ड्रमरला फक्त किक आणि स्नेअर द्यायला सांगा. साउंडवाला “स्टेजवरचा बेस जरा खाली घ्या” म्हणाला तर घ्या. छोट्या हॉलमध्ये तुमच्या अ‍ॅम्पचा खर्ज मागून आधीच लोकांपर्यंत पोहोचत असतो. त्याने बेसचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) पूर्ण बंद केला तरी बेस वाजतच असेल, तर तो बिचारा मिक्स काय करणार?

सगळे मिळून

आता बँडने एक गाणं वाजवा, आणि कानाने फक्त दोन गोष्टी शोधा.

एक, किक आणि तुम्ही वेगवेगळे ऐकू येता का? दोघांपैकी एकानेच तळाला राहायचं. किक खोल, ६० हर्ट्झच्या आसपास धपकन वाजत असेल तर तुम्ही १०० च्या आसपास राहा, म्हणजे बेसचं बटण अजून थोडं खाली. किकचा आवाज टणक, वरचा असेल तर खालची जागा तुमची. ढोलकी-तबला असेल तर डग्ग्याच्या घुमाऱ्याशीही हीच वाटणी करावी लागते.

दोन, कीबोर्डवाल्याचा डावा हात. ऑर्केस्ट्रात वाजवलेले बरेच कीबोर्डवाले बेसवाला नसल्याच्या सवयीने डाव्या हाताने बेस भरत असतात. तुम्ही आणि तो एकाच सप्तकात, थोडे मागेपुढे, आणि मग जगातला कोणताही अ‍ॅम्प तो गढूळपणा साफ करू शकत नाही. “दादा, डावा हात एक सप्तक वर घ्याल का?” एवढं नम्रपणे विचारा. एका वाक्यात जो फरक पडतो तो मोठं कॅबिनेट आणूनही पडत नाही.

यानंतरही ऐकू येत नसेल तर क्रम हा: आधी मिड वाढवा, मग अ‍ॅम्पचा कोन बदला, मग गिटारवाल्याला त्याचा बेस कमी करायला सांगा, आणि शेवटी मास्टर. सूर लांबत, एकमेकांत मिसळत असतील तर ते काम हाताचं आहे. न वाजणाऱ्या तारा डाव्या हाताने आणि उजव्या अंगठ्याने दाबून ठेवा. काही सूर उड्या मारत असतील तर कंप्रेसर (मोठे आवाज दाबून सारखे करणारा) हलका लावा, ३:१ किंवा ४:१. जास्त लावलात तर बोटाचा ठोसाच जातो.

गुणगुण आणि अर्थिंग

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि ई च्या तारेवर तिसऱ्या घरातला जी ४९ चा. त्यामुळे अर्थिंगची गुणगुण बेसमध्ये जणू आणखी एका बेसवाल्यासारखी मिसळते. डीआयवर ‘ग्राउंड लिफ्ट’चं बटण असतं, ते दाबून बघा. बॅकलाइन (स्टेजवरचे सगळे गिटार-बेस-कीबोर्डचे संच) आणि पेडल एकाच बोर्डावरून घ्या. लाइटच्या डिमरच्या लायनीवर अ‍ॅम्प लावू नका, नाहीतर लाइट मंद झाले की करकर सुरू होते.

प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढायची नाही, कोणी अनुभवी माणसाने सांगितलं तरी नाही. तुमचा हात तारांवर आणि ओठ माइकला लागले, आणि दोघांच्या अर्थिंगमध्ये फरक असला तर झटका बसतो, माणूस जाऊही शकतो. मांडवात, जनरेटरवर, पावसाळी ओल्या जमिनीवर तर हे बघायलाच हवं. मल्टिमीटर एसी व्होल्टेजवर ठेवा, एक टोक तारांना, दुसरं माइकच्या जाळीला. काही व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मंडपवाल्याच्या इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि तोवर वाजवू नका.

कार्यक्रम सुरू झाल्यावर

हॉल माणसांनी भरला की वरचा आवाज शोषला जातो, खर्ज तितका शोषला जात नाही. साउंडचेकला रिकाम्या खुर्च्यांसमोर नेमका बसलेला आवाज आता जरा जाड वाटेल. अशा वेळी बेसचं बटण थोडं मागे घ्या. तिसऱ्या-चौथ्या गाण्याला गिटारवाला चढेल, मग ड्रमर चढेल. तुम्ही त्यांच्यामागे जाऊ नका. मास्टर जिथे आहे तिथेच ठेवून हात थोडा ब्रिजकडे (तारांच्या खालच्या टोकाकडे) सरकवा, तिथे आवाज टणक होतो आणि गर्दीतून वर येतो. मध्यंतरात ट्यूनर लावा, केबल काढून ठेवा आणि सगळ्या बटणांचा मोबाइलवर फोटो काढा. दुसऱ्या सत्रात कोणीतरी पाहुणा तुमच्या अ‍ॅम्पवर एक गाणं वाजवून जाणारच आहे.